संविधान दिन आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर



आज २६ नोव्हेंबर, म्हणजे संविधान दिन. १९४९ साली याच दिवशी दिल्लीत संविधान सभेने आपल्या देशाचे संविधान स्वीकारले. २०१५ सालापासून हा दिवस संविधान दिन म्हणून सगळ्या देशात पाळतात. देश कसा चालवायचा याचे नियम संविधानात लिहिलेले असतात. देशातल्या माणसांना कोणते हक्क आहेत आणि त्यांची कर्तव्ये काय आहेत तेही त्यात असते. राष्ट्रपतींपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना ते सारखेच लागू आहे.

आमच्या शाळेत रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका वाचतात. सोमवारी माझी पाळी असते. त्यातले शब्द लई मोठे आहेत. पहिल्यांदा वाचताना माझी जीभ अडखळली आणि मागची मुले हसली. मग मी गुरुजींना विचारले की यातला सगळ्यात सोपा शब्द कोणता. गुरुजी म्हणाले की सोपा शब्द पहिलाच आहे, आम्ही. पण तो सोपा आहे की अवघड, ते बाबासाहेबांचे चरित्र वाचून तूच ठरव. म्हणून मी शाळेच्या पेटीतली पुस्तके वाचली, गुरुजींना आणि आजीला विचारले आणि हा लेख लिहिला.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू या गावी झाला. हे गाव मध्य प्रदेशात आहे. तिथे लष्कराची छावणी होती. त्यांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. आईचे नाव भीमाबाई. बाबासाहेब हे त्यांचे चौदावे अपत्य. लहानपणी त्यांना भिवा म्हणत. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. पुढे हे कुटुंब आपल्या सातारा जिल्ह्यात राहायला आले. भिवा पाच-सहा वर्षांचा असताना आई वारली. मग मीरा आत्याने मुलांना सांभाळले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या शाळेत घातले. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण भिवाची शाळा आपल्या शाळेसारखी नव्हती. त्याचा जन्म महार जातीत झाला होता. त्या काळी काही जातींच्या माणसांना अस्पृश्य म्हणत. म्हणजे त्यांना शिवायचे नाही. भिवा वर्गात सगळ्यांबरोबर बसू शकत नव्हता. तो घरून गोणपाटाचा तुकडा न्यायचा, त्यावर कोपऱ्यात बसायचा आणि संध्याकाळी तो तुकडा परत घरी न्यायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी प्यायचे. ज्या दिवशी शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. दिवसभर तसेच बसायचे.

आपल्याला मधल्या सुट्टीत टाकीवर जायला दोन मिनिटे उशीर झाला तरी आपण ढकलाढकली करतो. मी हे वाचले तेव्हा पुस्तक तसेच मिटवून ठेवले. मला आमच्या घरातली एक वस्तू आठवली. ती कोणती ते मी शेवटी सांगते.

आता एक प्रवासाची गोष्ट. ती बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९०१ सालची गोष्ट, म्हणजे तेव्हा ते माझ्याएवढे होते. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीला होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले. मुलांनी नवे कपडे घातले आणि आगगाडीने निघाली. मोठे माणूस बरोबर कोणी नव्हते. मसूर स्टेशनवर उतरली. हे मसूर आपल्या कराड तालुक्यातलेच. मामाच्या गावाला जाताना मी ते स्टेशन पाहिले आहे. मुलांना न्यायला वडिलांचा माणूस आलाच नाही, कारण मुलांचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. स्टेशन मास्तर आधी गोड बोलले. पण मुलांनी जात सांगितल्यावर त्यांचा चेहराच बदलला. ते लांब निघून गेले.

बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. पण एकही गाडीवान मुलांना बसवून घेईना. विटाळ होईल म्हणाले. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे ठरले, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. अंधार पडला. जवळ जेवण होते, पण पाणी नव्हते. वाटेतल्या ओढ्याचे पाणी शेणामुतात मिसळलेले, त्याचा वास येत होता. रात्री एका टोलनाक्याशी गाडी थांबली. तिथल्या माणसाकडे भिवाने पाणी मागितले. त्यानेही दिले नाही. मुले जेवणाचे गाठोडे जवळ असून उपाशीच झोपली. पाण्यावाचून घास गिळणार कसा? दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती गोरेगावला पोचली.

एवढ्या लहान मुलाला पाणी न देणारी माणसे काही दरोडेखोर नव्हती. ती आपल्यासारखीच साधी माणसे होती. पहिल्यापासून असेच चालत आले आहे असे त्यांना वाटत होते. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

पुढे सगळे मुंबईला गेले. तिथे एकाच खोलीत घर होते. भीमराव पहाटे उठून दिव्याच्या उजेडात अभ्यास करीत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. तेव्हा त्यांचा सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली ते बी. ए. झाले. १९१३ साली वडील वारले. त्याच वर्षी महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तिथून ते लंडनला गेले. तिथे वर्गात कोणी त्यांना कोपऱ्यात बसवले नाही आणि कोणी गोणपाट आणायला सांगितला नाही.

१९१७ साली ते परत आले. ठरल्याप्रमाणे बडोद्याला महाराजांच्या नोकरीत रुजू झाले. एवढे शिकून आलेले साहेब, पण कचेरीतले शिपाई कागद त्यांच्या टेबलावर लांबून टाकत. गावात राहायला कोणी खोली देईना. ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर तिथे लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. सामान घेऊन ते बागेत एका झाडाखाली बसले आणि रडले. रात्रीच्या गाडीने मुंबईला परत आले.

मला वाटायचे की शिकले की सगळे सन्मान देतात. पण बाबासाहेबांना कळले की एकट्याने शिकून भागत नाही. सगळ्यांचेच बदलले पाहिजे.

मग ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२० साली त्यांनी मूकनायक नावाचे वर्तमानपत्र काढले. मूकनायक म्हणजे ज्यांना बोलता येत नाही त्यांचा नायक. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना मदत केली. त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले आणि रुपयाच्या प्रश्नावर मोठा प्रबंध लिहून १९२३ साली डी. एस्सी. झाले. बॅरिस्टरही झाले. या काळात घर रमाबाईंनी चालवले. त्या बाबासाहेबांच्या पत्नी. पैसे नसत. त्यांच्या पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो, पण रमाबाईंचे कष्ट कोणी मोजत नाही, असे माझी आई म्हणते.

आता महाडची गोष्ट. महाड रायगड जिल्ह्यात आहे. तिथे चवदार तळे आहे. त्या तळ्याचे पाणी सगळी माणसे पीत, गुरेढोरेही पीत. फक्त अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना बंदी होती. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले आहे असा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन रांगेने तळ्यावर गेले. आधी त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, मग सगळ्यांनी घेतले. भांडण नाही की दगड नाही, फक्त पाणी प्यायले. तरी नंतर गावातल्या काही लोकांनी त्यांच्या माणसांवर हल्ला केला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. पुढे तळ्याचे भांडण कोर्टात गेले. १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे!

१९३० साली नाशिकला काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह केला. त्याच साली ते लंडनला गोलमेज परिषदेला गेले आणि आपल्या माणसांचे दुःख सगळ्यांसमोर मांडले. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यात आठ तास काम हा नियम व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली. पुस्तकांचे तर त्यांना वेडच होते. मुंबईत दादरला त्यांनी राजगृह हे घर बांधले, ते पुस्तकांसाठीच. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि गरिबांच्या मुलांसाठी कॉलेजे सुरू केली.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. बाबासाहेब पहिले कायदामंत्री झाले. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ पासूनच भरत होती. डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष होते. तिच्यात पंधरा स्त्रियाही होत्या. २९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाचा मसुदा तयार करायला सात जणांची समिती नेमली आणि बाबासाहेबांना तिचे अध्यक्ष केले. ज्या मुलाला वर्गाच्या नळाला हात लावू देत नव्हते, तो सगळ्या देशाचे नियम लिहायला बसला.

काम सोपे नव्हते. समितीतले एक सभासद वारले, एकाने राजीनामा दिला, काही जण लांब असत किंवा आजारी असत. बराच भार बाबासाहेबांवर पडला. त्यांना मधुमेह होता, पाय दुखत. तरी ते काम करीत राहिले. बेनेगल नरसिंह राव यांच्यासारख्या जाणकारांनी आधी कच्चा मसुदा करून दिला होता, त्याचा उपयोग झाला. सभेत एकेका कलमावर चर्चा होई. लोकांनी हजारो दुरुस्त्या सुचवल्या. बाबासाहेब प्रत्येकाला उत्तर देत. सगळे काम व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागली. तेव्हा संविधानात ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ते स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झाले. म्हणून आपण प्रजासत्ताक दिन साजरा करतो.

मला आवडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे संविधानाची मूळ प्रत छापलेली नाही, ती हाताने लिहिलेली आहे. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सुंदर अक्षरात लिहिली. नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातील विद्यार्थ्यांनी चित्रे काढली. म्हणजे ते आपल्या भित्तिपत्रकासारखेच झाले, पण सगळ्या देशाचे.

गुरुजींनी मला तीन कलमे समजावून दिली. चौदावे कलम सांगते की कायद्यापुढे सगळे समान. पंधरावे सांगते की धर्म, जात, लिंग यांवरून भेद करायचा नाही. विहिरी, तलाव, दुकाने यांत कोणालाही अडवायचे नाही. सतरावे कलम सांगते की अस्पृश्यता बंद. जो पाळील तो गुन्हेगार. मला वाटते ही कलमे लिहिताना बाबासाहेबांना मसूर स्टेशन नक्की आठवले असेल. आम्ही शाळेत येतो तेही संविधानामुळेच. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००२ साली संविधानात घातला आणि त्याचा कायदा २०१० सालापासून लागू झाला. आजी मत द्यायला जाते तेही त्यामुळेच. तिला लिहिता येत नाही, पण तिच्या मताची किंमत कलेक्टरच्या मताएवढीच आहे. हे तिला सांगितले तेव्हा ती खूश झाली.

संविधान झाले तरी बाबासाहेब स्वस्थ बसले नाहीत. मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळावा, स्त्रियांना हक्क मिळावेत म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल आणले. ते मंजूर होईना, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. मंत्रिपद सोडायला किती धीर लागत असेल! पुढे १९५५ आणि १९५६ साली त्यातले बरेचसे कायदे वेगवेगळे मंजूर झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो लोकांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत ते झोपेतच गेले. मुंबईला दादरच्या चैत्यभूमीवर दरवर्षी लाखो लोक त्यांना वंदन करायला जातात. १९९० साली त्यांना भारतरत्न दिले.

संविधान स्वीकारायच्या आदल्या दिवशी सभेत भाषण करताना बाबासाहेबांनी एक इशारा दिला होता. गुरुजींनी तो सोपा करून सांगितला. मतात आपण सगळे समान होऊ, पण रोजच्या वागण्यात समान झालो नाही, तर हे सगळे टिकणार नाही. कायदा दिल्लीत होतो, पण वागायचे घरात असते.

आता आमच्या घरातली वस्तू सांगते. आमच्या गोठ्यातल्या कोनाड्यात एक कप होता. त्याचा कान तुटलेला होता. आमच्या रानात कामाला येणारे एक काका आहेत. मी त्यांना तात्या म्हणते. माझ्या जन्माच्या आधीपासून ते येतात. चहाच्या वेळी तात्या कोनाड्यातून तो कप काढायचे, आई वरून चहा ओतायची, मग तात्या कप स्वतः धुऊन परत तिथेच ठेवायचे. मला वाटायचे की तो तात्यांचा आवडता कप आहे.

भिवाच्या शाळेतले पाणी वाचले आणि मला कप आठवला. मी आजीला विचारले की तात्यांचा कप आपल्या मांडणीवर का नाही. आजी गप्पच बसली. मग म्हणाली की मी लग्न होऊन आले तेव्हापासून असंच आहे. तेव्हा कप नव्हता, करवंटी होती. सासूबाईंनी दाखवलं तसं मी केलं. कोणी विचारलंच नाही. मी तिला सतरावे कलम वाचून दाखवले. तिने दोनदा वाचायला लावले. काही बोलली नाही. मला वाटले की ती रागावली.

दोन दिवसांनी चहाच्या वेळी तात्या कोनाड्याकडे निघाले. आजीने त्यांना हाक मारली आणि ओसरीवर बसायला सांगितले. आमच्या मांडणीवरच्या कपबश्या काढल्या आणि सगळ्यांबरोबर त्यांना चहा दिला. तात्या कपाकडे बघतच राहिले. हात पुढे करीनात. मग हळूहळू प्यायले. पिऊन झाल्यावर कप धुवायला उठले, तर आजी म्हणाली की राहू दे, पोरगी धुईल. मी सगळ्या कपबश्या एकत्र धुतल्या. कोणती तात्यांची ते मला ओळखू आले नाही. रात्री आजी एवढंच म्हणाली की लई वर्सं गेली. त्या तुटक्या कपात आता गोठ्यातले खिळे ठेवलेत.

हे लिहू का असे मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले की आधी घरी विचार आणि तात्यांनाही विचार. माझे वडील थोडा वेळ गप्प होते, मग हो म्हणाले. आजी म्हणाली की लिही, वाचून कोणाच्या घरातला कप हलला तर बरंच होईल. तात्या म्हणाले की लिही, पण माझं नाव नको. म्हणून मी नाव लिहिले नाही.

आता सोमवारी मी उद्देशिका वाचते तेव्हा अडखळत नाही. पण पहिल्या शब्दाला मी थोडी थांबते. आम्ही हा शब्द सोपा नाही. त्यात तात्या आहेत का, ते आपल्या घरात बघावे लागते.

पालकांनो, आज घरी गेल्यावर तुम्हीही आपला कोनाडा बघा.

बाबासाहेबांना माझे विनम्र अभिवादन. जय हिंद!

इयत्ता चौथीची विद्यार्थिनी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा